धुळ्याच्या गल्ल्या

धुळ्यातील पुष्कळ गल्ल्या आकड्यांनीच ओळखल्या जातात. परगावच्या पाहुण्यास याचे हसू येते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने ही नवी पेठ सरळ रेषांत वसविली. नातवंडांना मी आधी बाजार दाखवितो, मग राजवाडे संशोधन मंडळात नेतो. घरोघर हिंडून दप्तरे मिळविणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली येथेच निवर्तले. त्यांचा संग्रह मंडळाने जपला. परतताना तुरुंगाची भिंत दाखवितो. १९३२ साली तेथे विनोबांनी गीता सांगितली. सानेगुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणूनच आपल्याला लाभली. आपल्या माळ्यावरील पोथ्या रद्दीत घालण्यापूर्वी मुलांना हे आठवावे, एवढ्यासाठीच ही पायपीट.