बंडी, ट्रॉली आणि मुक्काम

आमच्या टीममधला एक मित्र नुकताच ऑनसाईटहून परत आला. तिकडे त्याने एका लाँग वीकएंडला ट्रेलर भाड्याने घेतला होता. आपल्या गाडीच्या मागे हुक लावायचा, ट्रेलर जोडायचा, की चाललं घर रस्त्याने. आत पलंग, ओटा, सिंक, सगळं. लंच टेबलवर त्याने फोटो दाखवले आणि नेहमीचा सुस्कारा टाकला, "हे आपल्याकडे कधी येणार यार?"

मी म्हटलं, "आमच्या ब्रह्मपुरीकडे पणजोबांच्या काळापासून आहे. फक्त पुढे इंजिन नव्हतं, बैल होते."

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर वाटलं, गमतीत बोललो तरी यात खोटं काय आहे? तर मंडळी, आजचा शनिवार त्यावरच.

आधी थोडा इतिहास. नमनाला घडाभर तेल नको, पळीभरच घालतो. हौसेसाठी बांधलेल्या चाकावरच्या घराची गोष्ट साधारणपणे १८८५ पासून सांगतात. गॉर्डन स्टेबल्स नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता, ब्रिटिश नौदलात नोकरी करून निवृत्त झालेला. त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडातून थेट स्कॉटलंडपर्यंत फिरला. तिकडचा कॅरव्हॅन क्लब १९०७ चा. पुढे अमेरिकेत वॉली बायमने १९३६ मध्ये एअरस्ट्रीमचा तो ॲल्युमिनियमचा चकचकीत, वांग्याच्या आकाराचा 'क्लिपर' ट्रेलर काढला. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तीन अंतराळवीरांना रोगजंतूंच्या भीतीने ज्या डब्यात कोंडून ठेवलं, तोही एअरस्ट्रीमचाच ट्रेलर होता, चाकं काढून बदल केलेला. चंद्रावर जाऊन आले आणि मुक्काम ट्रेलरात!

पण त्या 'वाँडरर'कडे नीट बघा. दोन जनावरं, वर छप्पर, आत अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाचं सामान. आमच्याकडे याला टट्टा लावलेली बंडी म्हणतात. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: बंडी म्हणजे बैलगाडी, अंगात घालायची ती नव्हे. टट्टा म्हणजे बांबूची विणलेली चटई.)

माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरून महाशिवरात्रीला मार्कंड्याला बंडीने जायचे. मार्कंडा म्हणजे चामोर्शीजवळ, वैनगंगा जिथे वळून उत्तरेकडे वाहते तिथलं जुनं देवस्थान. ब्रह्मपुरीहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी असं शंभरेक किलोमीटर पडतं. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. बंडी तासाला चारेक किलोमीटर चालणार, बैलांना दुपारी सोडावं लागणार, म्हणजे जायलाच तीन-चार दिवस. आजीला यातला एकही किलोमीटर आठवत नाही. तिला मुक्काम आठवतात. "पयला मुक्काम आमराईत. दुसरा विहिरीपाशी, तिथलं पाणी गोड. तिसऱ्या ठिकाणी मोठ्ठा मोह होता." बंडीत खाली तणस, त्यावर सतरंजी. बायका-लेकरं आत, गडीमाणसं बंडीखाली. सकाळी तेच तणस बैलांपुढे. अंथरूणच चारा, म्हणजे परतीला ओझं कमी. असं डिझाईन मी अजून कुठल्या ट्रेलरच्या जाहिरातीत पाहिलेलं नाही :-)

आता थोडी इंजिनियरगिरी. त्याशिवाय मला चैन पडत नाही.

ट्रेलर ओढणाऱ्याला तिकडे पहिला धडा देतात तो वजनाचा. ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के वजन पुढे, हुकावर आलं पाहिजे. कमी आलं, म्हणजे सामान मागे भरलं, तर वेगात ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो आणि शेवटी पुढच्या गाडीलाही घेऊन आडवा होतो. फार जास्त आलं तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढच्या चाकांची पकड जाते. हिशोब सोपा आहे. समजा ट्रेलरचं वजन हजार किलो. आसापासून हुक तीन मीटरवर. सगळ्या वजनाचा मध्य आसाच्या फूटभर पुढे असेल, तर हुकावर साधारण शंभर किलो येतात. म्हणजे दहा टक्के. झालं!

हे सगळं आबाजींना एका शब्दात ठाऊक होतं. तो शब्द म्हणजे उलाळ. बंडीत मागे वजन जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला काच बसतो. पुढे जास्त झालं तर सगळं ओझं बैलांच्या खांद्यावर आणि चार दिवसांत खांदे सुजले. म्हणून बंडी भरून झाली की आबाजी जू हाताने उचलून बघायचे. थोडं जड लागलं पाहिजे, पण उचललं गेलं पाहिजे. नसेल तर एखादं पोतं मागे-पुढे सरकवायचं. बाबा सांगतात की हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी बैल जुंपले नाहीत.

बैल गेले, ट्रॅक्टर आला. आमच्याकडे एक जुनी दोन चाकी ट्रॉली आहे. धानाचे कट्टे, शेणखत, विटा, सगळं वाहून झालंय तिचं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे आणि ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळा नंबर असतो. आमच्या दोघांचेही एमएच ३४, पण पुढचे आकडे वेगळे. नवरा-बायकोचं आधार कार्ड वेगळं असतं तसं.

तर झालं असं, की यंदा आजीने धरून ठेवलं. "मले एक डाव मार्कंड्याले न्या. पन मुक्काम करत करत." वय चौऱ्याऐंशी. गुडघे गेलेले. एसटी जमत नाही. चुलतभावाची कार आहे, पण "बंद गाडीत माहा जीव घाबरते". आणि मुख्य म्हणजे तिला पोचायची घाई नव्हतीच. तिला जायचं होतं.

बाबांनी तोडगा काढला, "ट्रॉली काढू. तणस टाकू, बुढीले बसवू, सगळेच बसू."

इथे माझं आणि बाबांचं वाजलं.

शेतीच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याने परवानगी नाही, हे झालं कागदावरचं. खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते. त्याच वेळी वळण असेल तर ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची कात्रीसारखी घडी होते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, शेतात जागेवर वळायला बरे म्हणून. रस्त्यावर ते खिटीने एकत्र जोडायचे असतात. नाही जोडले आणि घाईत एकच दाबला गेला, तर काय होईल ते सांगायला नको. जत्रेच्या दिवसांत ट्रॉली उलटल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो, आणि त्यात नेहमी बायका आणि लेकरंच का असतात? कारण मागे तेच बसलेले असतात.

"पुरा गाव ट्रॉलीतच जाते. आपल्यालेच काहून होईन?" बाबा.

"बाबा, आबाजी जू उचलून पाहायचे की नाही? ते काय रोज उलाळ होत होती म्हणून?"

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, सांग मंग कसं करायचं ते."

ठरलं ते असं. ट्रॉलीत फक्त घर जाईल, माणसं जाणार नाहीत. तणस, ताडपत्री, बांबू, भांडी, पाण्याचे कॅन, गोवऱ्या. जड सामान आसाच्या थोडं पुढे, हलकं मागे. ट्रॅक्टरवर एकटे बाबा. पिनला मागून खिटी, वर सुरक्षेची साखळी. मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर, कारण रात्री रस्त्यात उभी असलेली बिनादिव्याची ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. आजी कारमध्ये, चारही काचा खाली. आणि मुक्काम कुठे, हे आजी ठरवेल.

पहाटे निघालो. ट्रॉली ताशी वीसच्या वर न्यायची नाही हा नियम. कार पुढे जाऊन थांबायची, ट्रॉली मागून यायची. वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरीला चहा झाला. त्यानंतर आजी काचेला नाक लावून बसली. आमराई शोधत होती.

आमराई नव्हती. रस्ता रुंद झालाय. विहीर कुठे होती ते तिला सांगता येईना. मोहाचं झाड एक दाखवलं, पण "हा नोहे" म्हणाली. गडचिरोलीच्या अलीकडे पोर्ल्याचं जंगल लागलं. तिथे वनविभागाची पाटी: वाघाचा वावर, थांबू नका. आमच्या ब्रह्मपुरी वनविभागातही अभयारण्याबाहेर वाघ आहेत आणि माणसांचे जीव जाण्याचे प्रसंगही सारखे घडतात. इकडे गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप फिरतोय. तेव्हा झाडाखाली ट्रॉली सोडून तीन दगडांची चूल मांडायचा विषयच संपला. आजी पाटी वाचत नाही, पण आम्ही का थांबत नाही ते तिला कळलं. "वाघ तवाही होते," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "हो आजी, पण तेव्हा तीस बंड्या सोबत असायच्या, रात्रभर शेकोटी असायची." यावर तिने मान हलवली.

शेवटी वाटेतला मुक्काम रद्द करून संध्याकाळच्या आत मार्कंडा गाठलं. गावाबाहेर एका शेतकऱ्याला विचारून, त्याच्या कापणी झालेल्या बांधीत ट्रॉली लावली. लावताना रिव्हर्स घ्यावी लागली. ज्यांनी कधी ट्रॉली रिव्हर्स घेतली नाही त्यांच्यासाठी: स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं, आणि तेवढ्याने भागत नाही. पुढे ओढताना ट्रॉली आपोआप सरळ होते. मागे ढकलताना जराशी चूक आपोआप वाढत जाते. तळहातावर काठी उभी धरण्यासारखं आहे ते. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात मी यावर चौदा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. बाबांनी तो पेपर दिलेला नाही. त्यांनी मान मागे वळवून एका झटक्यात ट्रॉली धुऱ्याला समांतर लावली.

चाकाला दगड लावले, हुकाखाली लाकडाचा ठेपा दिला, ट्रॅक्टर सोडवला. बांबूच्या कमट्या वाकवून ताडपत्री बांधली. मी मोबाईलवर लेव्हल बघायचं ॲप उघडलं, तोवर आजीने पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा ट्रॉलीच्या पाट्यावर ठेवायला लावला. पाणी एका बाजूने सांडलं. "डोकं खालतं जाते. उचला." ठेप्याखाली एक वीट सरकवली. पाणी थांबलं. मग पोत्यांच्या पायऱ्या करून, दोघांनी धरून तिला वर चढवलं. उभ्या ट्रॉलीत, तणसावर, वाकळ अंगावर घेऊन ती जी बसली, ती दोन दिवस राणीसारखी. खाली गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी. शेजारच्या बांधीत आणखी ट्रॉल्या, दोन-तीन बंड्या. ओळखपाळख निघायला आजीला अर्धा तास पुरला. देवळात आम्ही तिला खुर्चीवर नेऊन आणलं. पण खरं सांगायचं तर देवदर्शनापेक्षा ती त्या शेजारणींमध्ये जास्त रमली.

परतल्यावर मी हिशोब मांडत बसलो होतो. कारमागे लावायचा छोटा ट्रेलर बनवून घ्यावा का, किती पडेल, नोंदणीचं काय. हे सगळं सुटण्यासारखं आहे. न सुटणारा प्रश्न वेगळाच आहे: सोडायचा कुठे? बंडीच्या काळात वाहन साधं होतं आणि मुक्काम भरपूर होते. आमराई कुणाची तरी असायची, पण थांबायला कुणी नाही म्हणायचं नाही. आता वाहन कितीही भारी घ्या, रात्री निर्धोकपणे उभं करायला जागा नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे, हे मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पाणी, दिवा, संडास, कुंपण आणि एक राखणदार. एवढं दर चाळीस किलोमीटरवर मिळालं तर आमच्या झाडीपट्टीतली अर्धी जत्रा ट्रॉलीतून उतरून नीट प्रवास करेल. महागडा ट्रेलर नसला तरी चालेल.

तोवर मी दोन कामं केली आहेत. बाबा ट्रॉली भंगारात काढायच्या विचारात होते, त्यांना थांबवलं. "ठेवतो. पन टायर तू आनून देजो," असं म्हणाले. टायर घेतले. ब्रेकवाला आस बसवून मिळतो का, याची चौकशी ब्रह्मपुरीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे सुरू आहे.

दुसरं म्हणजे, रोज रात्री फोनवर आजीला एकेक मुक्काम विचारून वहीत उतरवून घेतोय. कुठलं झाड, कुठली विहीर, पाणी गोड की खारं, मालक कोण. जाताना अकरा मुक्काम, येताना नऊ. कारण येताना बैल घराच्या ओढीने जास्त चालायचे, दुपारचे काही थांबे गळायचे. आतापर्यंत सात लिहून झालेत. काल आठव्याला ती अडकली. नाव ओठावर आहे म्हणते, पण येत नाही. आज पुन्हा फोन करतो.