छत्तीसच्या रोलमधला मुलूख

मानोऱ्याहून दिग्रसच्या रस्त्याला लागलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा असेल, तर तो रोखावा कुठे, हे त्याला पटकन उमगत नाही. सह्याद्रीसारखा सुळका इथे नाही, कोकणासारखी समुद्राची रेघ नाही. काळ्या मातीची वावरे, मधूनच सागाचे रान, कुठे अरुणावतीचे पात्र, टेकाडावर एखादा तांडा, आणि फाल्गुन लागला असेल तर धुऱ्यांवर फुललेला पळस. डोळ्यांना हे सगळे मिळून दिसते, कारण मान वळते, पाय चालतात आणि मागे पाहिलेले पुढच्याला येऊन मिळते. कॅमेऱ्याच्या चौकटीत त्यातले एक झाड येते, थोडा रस्ता येतो, वर पुष्कळसे आभाळ येते. म्हणूनच वऱ्हाडातल्या घरांमधले रानाचे आणि प्रवासाचे फोटो अल्बमच्या शेवटच्या पानांवर जाऊन बसलेले असतात. लग्नाचे, बारशाचे पुढे. ‘यात काही आलंच नाही’ असे मागे.

कोलाज करणाऱ्याला ही मागची पानेच हवी असतात.

एका फोटोत न मावणारा मुलूख अनेक फोटोंच्या तुकड्यांतून कसा उभा राहतो, हे ठसठशीतपणे दाखवले ते डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराने. १९८२ साली त्याने आधी पोलरॉइडचे आणि मग साध्या फिल्मवरचे फोटो शेजारी शेजारी मांडून चित्रे रचायला घेतली. त्याच वर्षी तो अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभा राहिला. ती दरी कुठल्याच भिंगात मावत नाही. त्याने ती तुकड्यातुकड्यांनी टिपली आणि प्रिंट एकमेकींवर सरकवत चिकटवल्या. त्यातल्या साठ फोटोंच्या एका कोलाजवरून १९९८ मध्ये त्याने साठ कॅनव्हास जोडून एक प्रचंड तैलचित्रही केले. फोटोवरून चित्र करणारे पुष्कळ असतात. पण फोटोंच्या जोडणीतून सापडलेली पाहण्याची रीत सोळा वर्षे मनात बाळगून पुन्हा रंगात उतरवणारा माणूस विरळा.

त्याचे १९८६चे ‘पेअरब्लॉसम हायवे’ तर सातशेहून अधिक प्रिंटचे आहे. विषय काय, तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला एक चौरस्ता. डांबरावर रंगवलेली अक्षरे, ‘थांबा’ सांगणारी लाल पाटी, कडेला फेकलेले डबे आणि बाटल्या. दुरून पाहिले तर नेहमीचाच रस्ता. जवळ गेल्यावर कळते, की पाटीचा फोटो शिडीवर चढून अगदी पाटीच्या तोंडासमोर घेतला आहे आणि डब्यांचा फोटो डब्यांपाशी वाकून. चित्राच्या उजव्या अंगाला गाडी चालवणाऱ्याचे लक्ष जाईल अशा पाट्या आहेत. डाव्या अंगाला शेजारी निवांत बसलेल्याला दिसेल असे वाळवंट. एकाच गाडीतल्या दोघांचा प्रवास वेगवेगळा असतो, हे एसटीच्या खिडकीशी बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे; ते कागदावर आणायला सातशे तुकडे लागले. चित्राच्या नावातच ११ ते १८ एप्रिल अशा तारखा आहेत. म्हणजे एका रस्त्यावरचे आठवडाभराचे ऊन त्यात आहे. एका क्षणाचा फोटो म्हणतात तो हा नव्हे. इथे फोटोग्राफरचे चालणे, वाकणे, चढणे सगळे शिल्लक राहिले आहे, आणि प्रवासाच्या फोटोंचे कोलाज करायचे ते यासाठीच.

फोटो जोडण्याचा उद्योग आपल्याकडे मात्र याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी झाला होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. त्याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईतल्या वेगवेगळ्या जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, पहिला १८६३ मध्ये आणि महाराष्ट्रावरचा दुसरा १८६६ मध्ये. माणसांना एकीकडे उभे करून त्यांचे फोटो घ्यायचे, निसर्गाचे किंवा इमारतींचे फोटो दुसरीकडे घ्यायचे, आणि दोन्ही जोडून एकच प्रिंट काढायची, अशी त्याची पद्धत होती. तंत्र म्हणून हे मोठेच धाडस. पण त्या चित्रांतली माणसे जिथे उभी दिसतात, तिथे ती कधी उभी राहिलेलीच नव्हती. जोड लपवून साहेबाने त्यांना हव्या त्या देखाव्यापुढे नेऊन ठेवले. ती पाने पाहताना त्या माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर हलत नाही, आणि त्यांच्या मागचा देखावा तितकाच उपरा वाटतो.

हॉकनीची रीत याच्या नेमकी उलट आहे. त्याचा प्रत्येक सांधा उघडा आहे. आणि तसला उघडा सांधा पाहायला मानोऱ्याच्या माणसाला कॅलिफोर्नियापर्यंत जायला नको.

याच तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी म्हणतात ते गाव; संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातून माणसे येतात. या समाजाचे आयुष्यच वाटेवरचे होते. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडेच्या तांडे मुलूख पार करत. त्या फिरत्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. पुढे पक्के रस्ते आणि रेल्वे आली, बैलांवरचा व्यापार बसला आणि तांडे ठिकठिकाणी स्थिरावले. पण वाट अंगावर राहिली. तांड्यातल्या म्हाताऱ्या बाईचा फेटिया किंवा कांचळी जवळून पाहावी. लाल कापडावर निळी, पिवळी, हिरवी ठिगळे. एकेक आरसा गोल टाक्यांनी बांधलेला, काठाला कवड्या. टाका वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा, म्हणजे जोड लपवायचा विचारच नाही. कुठले कापड कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असाच त्या शिवणीचा आग्रह दिसतो. कवडी समुद्रातली, कापड बाजारातले, आरसा आणखी कुठला. लांब लांबच्या वस्तू एका अंगावर एकत्र येतात आणि तरी आपापली जात सोडत नाहीत. फोटोंच्या कोलाजला याहून चांगला गुरू शोधायची गरज नाही. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. हातात कात्री घेण्याआधी तिथे एक फेरी मारावी, असे कोलाज करू पाहणाऱ्याला आवर्जून सांगावेसे वाटते.

आता टेबलावरचे काम.

फिल्मवरचा फोटो ही हातात धरता येणारी वस्तू असते, आणि सगळे काम त्या वस्तूच्या स्वभावाप्रमाणे करावे लागते. अॅग्फाच्या क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा फोटो यायचे. पुढे कोडॅकचा केबी १० घराघरांत आला तेव्हा छत्तीसचा रोल पडायला लागला, आणि नीट चढवला तर सदतिसावाही निघायचा. रंगीत रोल धुण्याची यंत्रे मोठ्या शहरांत असत; तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत दिलेला रोल अकोल्याला नाहीतर अमरावतीला जाऊन यायचा. फोटो मोजून मापून काढले जात ते त्यामुळे. एकाच पळसाचे दहा फोटो कुणी काढत नसे. परिणामी जुन्या अल्बममध्ये एका जागेचे एकाच वेळचे तुकडे क्वचित सापडतात. सापडतो तो पंधरा वर्षांच्या अंतराने काढलेला तोच ओढा, तेच देऊळ, तोच फाटा. हॉकनीला एक आठवडा मिळाला. वऱ्हाडातल्या एखाद्या घराला अर्धे आयुष्य मिळालेले असते.

आणि हे अर्धे आयुष्य रंगांवरूनही वाचता येते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळशा रंगीत प्रिंटमधला निळसर रंगद्रव्याचा थर आधी उडतो, म्हणून त्या तांबूस दिसू लागतात. नव्वदनंतरच्या प्रिंट त्या मानाने टिकल्या. साठच्या दशकातल्या कृष्णधवल फोटोंचा रंग मुळातच करडा, आणि नीट न धुतले गेलेले कागद कडेने पिवळे पडलेले. आता या तिन्ही काळांतल्या फोटोंमधले फक्त आभाळ कापून घ्यावे आणि एका पुठ्ठ्यावर ओळीने लावावे. करडे, तांबूस, निळे. एकाच गावावरचे आभाळ, रंग मात्र तीन. कुठलाही रंग न वापरता हे घडते. जे काही केले ते रसायनाने आणि काळाने. हे असे तांबूस झालेले फोटो संगणकावर घालून ‘दुरुस्त’ करण्याची हल्ली चाल आहे. एरवी ठीक, पण कोलाजसाठी ते करू नये. तो तांबूसपणा हा त्या फोटोचा वयाचा दाखला आहे.

कापणे हे दिसते तितके सोपे नाही. रंगीत प्रिंटच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ लेप असतो. ब्लेड सरळ उभे धरून कापले की कडेला पांढरी रेघ उघडी पडते. ती नको असेल तर ब्लेड आतल्या बाजूला किंचित कलते धरून कापायचे, म्हणजे पांढरा गाभा खाली दडतो. हवी असेल तर तशीच ठेवायची. झाडांच्या गर्दीत ती रेघ उन्हाच्या कवडशासारखी उपयोगी पडते. गव्हाच्या पिठाची खळ जुन्या कृष्णधवल कागदाला छान धरते, कारण तो कागद पाणी पितो. रंगीत प्रिंटला ती धरत नाही. मागच्या लेपामुळे पाणी आत शिरत नाही, खळ वाळत नाही आणि दोन दिवसांनी कोपरा वर येतो. रबराचे सोल्युशन लगेच चिकटते, पण काही वर्षांत पिवळे डाग सोडते. ज्यांना घाई नसेल त्यांनी पांढरा डिंक अगदी पातळ लावावा आणि वर जड पुस्तके ठेवून रात्रभर विसरून जावे. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले फोटो ओढून काढू नयेत. पातळ दोरा मागून सरकवत नेला की ते सुटतात.

मूळ फोटो कापायचा की नाही, हा मात्र प्रत्येक घरातला वाद. बटर पेपरच्या पाकिटात निगेटिव्ह असेल तर वाद मिटतो: नवी प्रिंट काढावी आणि खुशाल कात्री चालवावी. निगेटिव्ह नसेल आणि फोटोत माणूस असेल, तर कापू नये. रान, वाट, नदी यांना कापलेले चालते.

शेजारच्या कारंजा तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. साध्या भिंगाच्या कॅमेऱ्याने तिथे काढलेल्या फोटोत काळवीट म्हणजे गवताच्या रेषेवरचा एक ठिपका. अल्बममध्ये तो फोटो फुकट गेलेला मानतात. पण तसल्या चार-सहा फोटोंमधले गवतच तेवढे कापून एकाखाली एक लावले, भाद्रपदातले हिरवे, मार्गशीर्षातले पिवळे, वैशाखातले राखाडी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात तो एक ठिपका राहू दिला, की माळ किती मोठा आहे ते कळते. लांब भिंगातून काढलेल्या काळविटाच्या देखण्या फोटोत शिंगांचे पीळ मोजता येतात, माळ दिसत नाही.

जोड लपवणारे सगळेच जॉन्सनच्या वाटेने जातात असेही नाही. दयानिता सिंग या फिल्मवरच काम करत आलेल्या छायाचित्रकार. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. आपल्याच जुन्या निगेटिव्हच्या प्रिंट धारदार पात्याने कापून त्यांनी वेगवेगळ्या इमारतींचे भाग असे जुळवले आहेत, की एका वास्तूचा जिना दुसरीच्या दालनात उतरतो आणि सांधा शोधावा लागतो. तो शोधण्यात मन रमते. तिथे फसवणूक वाटत नाही, कारण जागा त्यांनी स्वतः पाहिलेल्या आहेत आणि कुणाला ओढून दुसऱ्याच्या देखाव्यात उभे केलेले नाही.

या भागात अजून एक कोलाज कुणीतरी करायला हवे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वेची अरुंद वाट, सुमारे ११३ किलोमीटरची, कारंजा आणि दारव्ह्यावरून जाणारी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या वाटेवर १९२३ पासून धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी थांबले; नंतर डिझेल आले आणि आता गाडीच बंद आहे. मानोऱ्याच्या आसपासच्या कितीतरी घरांतली माणसे या गाडीने लग्नांना, बाजाराला, शाळा-कॉलेजला गेली. त्यांच्या अल्बममध्ये खिडकीतून काढलेला धूर आहे, फलाटावरचा कडुनिंब आहे, डब्याच्या दारात उभा भाचा आहे. कुणाच्या प्रिंट तांबूस, कुणाच्या निळ्या, कुणाच्या करड्या. एका लांब पुठ्ठ्यावर डाव्या टोकाला मूर्तिजापूर, उजव्या टोकाला यवतमाळ धरून त्या ओळीने लावाव्यात. सांधे उघडे ठेवावेत, भाचा कापू नये, त्याची दुसरी प्रत काढावी. मधल्या ज्या स्टेशनाचा फोटो नसेल तिथे पेन्सिलीने नाव लिहावे, आणि तो कुणाकडे आहे हे दारव्ह्याच्या जुन्या स्टुडिओंत जाऊन विचारावे. त्यांच्याकडे निगेटिव्हची खोकी आहेत तोवरच हे काम उरकायला हवे.