नाही म्हणायचा आदेश

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार. संध्याकाळी दिल्लीत जवळच्या मित्राचं लग्न आणि मी नाशिकच्या ओझर विमानतळावर अडकलेलो. आधी एक तास उशीर, मग दोन, मग नुसतंच 'कळवतो'. मोबाईलवर बातम्या बघितल्यावर कारण कळलं.

३० ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या कॅनकूनहून अमेरिकेला निघालेलं जेटब्लूचं ए३२० ऑटोपायलटवर उडत असताना अचानक नाक खाली करून घसरलं होतं. काही प्रवासी जखमी झाले, विमान टॅम्पाला उतरवावं लागलं. संशय गेला 'इलॅक' या कॉम्प्युटरवर. पायलट किंवा ऑटोपायलट सांगेल त्याप्रमाणे शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग वळवणं हे त्याचं काम. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गानं त्यातला डेटा बिघडू शकतो, असं एअरबसनं २८ नोव्हेंबरला सांगितलं. लगेच युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचा आदेश निघाला: आधी दुरुस्ती, मगच प्रवासी. जगात सुमारे ६,००० विमानं, भारतात ३३८. बहुतेकांना जुनं सॉफ्टवेअर परत टाकून भागणार होतं. काही विमानांत कॉम्प्युटरच बदलायचा होता.

मी चिडून घरी फोन लावला. "बाबा, एका विमानात झालं म्हणून सहा हजार थांबवली!"

"चांगलं केलं," एवढंच म्हणाले.

शेवटी मी परत आलो. फेरे व्हिडिओ कॉलवर बघितले. रात्री जेवताना बाबा आपणहून बोलायला लागले. पंचवटीत त्यांचं दुचाकीचं छोटं गॅरेज आहे. माझ्या जन्माआधीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या गाडीची ब्रेकची केबल एका तारेवर आली होती. "सिन्नरला जाऊन येतो, उद्या टाका," तो म्हणाला. बाबांनी चावी दिली. मोहदरी घाटात केबल तुटली. माणूस वाचला, पण त्याचा पाय आजही नीट वाकत नाही.

"घाई त्याला होती," बाबा म्हणाले, "पण केबल मी बघितली होती. गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसलो. विमानवाल्यांचं बरं आहे रे. नाही म्हणायला वरून कागद येतो."

"तो माणूस आता कुठे असतो?"

"येतो की गॅरेजवर. कधी बोलून नाही दाखवलं त्यानं."

मला काय बोलावं सुचेना. ओझरला त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाला माझ्यासारखीच घाई होती. कुणाचं लग्न, कुणाचा इंटरव्ह्यू. आम्हाला विचारलं असतं, तर आम्हीही 'उद्या टाका' असंच म्हणालो असतो. म्हणूनच तो निर्णय आमच्या हातात ठेवला नव्हता.

बाबांच्या गॅरेजमध्ये ऑइलपेंटनं लिहिलेली एक पाटी आहे: 'ब्रेक खराब असल्यास गाडी परत मिळणार नाही.' कॉलेजात असताना तिचा फोटो टाकून मी दोस्तांसोबत हसलो होतो. ती कधी लावली, हे मी बाबांना विचारलं नाही. आता विचारायची गरजही उरली नाही.