काडेपेटीशिवाय

माणसाला रानातून गावात यायला किती हजार वर्षे लागली, ते शास्त्रज्ञ जाणोत. आम्हांला गावातून रानात जायला बावीस दिवस लागले. आणि जायचे ते तरी कशासाठी? शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री जेवायला घरी परत, एवढ्यासाठी.

या प्रकाराला बुशक्राफ्ट म्हणतात, हे मला पुतण्याकडून कळले. आधी मला ते दाढीच्या साबणाचे नाव वाटले होते. रानात जायचे, बरोबर फार काही न्यायचे नाही, निवारा तिथल्या तिथे उभारायचा, विस्तव काडेपेटीशिवाय पेटवायचा आणि एकंदरीत आपल्या दोन हातांवर निभवायचे, असा त्याचा अर्थ त्याने समजावून दिला.

"म्हणजे आपल्या आजोबांसारखं?" मी विचारले.

"छे हो काका! ते नुसतं खेड्यात राहणं. हे शिकावं लागतं."

झोपाळ्यावर आण्णा पेपर वाचत बसले होते. आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू आणि या पुतण्याचे जन्मदाते. त्यांनी पान उलटले. बोलले काही नाहीत. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हापासून ते पेपरच जास्त वाचतात.

'बरोबर फार काही न्यायचे नाही' या कलमाची यादी फुलस्केपची पावणेतीन पाने झाली. ताडपत्री, सुंभ, नायलॉनची दोरी, कुऱ्हाड, करवत, डोक्याला बांधायची बॅटरी, त्या बॅटरीचे जादा सेल, आणि जमिनीशी नाते जोडता यावे म्हणून प्लॅस्टिकची एक खुर्ची. ही खुर्ची पुतण्याच्या बँकेतल्या मित्राच्या कमरेसाठी होती. दाजीपूरचे रान म्हणजे पूर्वीचे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान. शाहू महाराज शिकारीला निघाले, की चित्ते, चित्तेवान, घोडे असा मोठा सरंजाम असे. आमच्या यादीत चित्ता तेवढा नव्हता.

तसा हा उद्योग नवा नाही. बेडन-पॉवेल या साहेबाने १९०७ साली ब्राउन्सी नावाच्या बेटावर पोरे गोळा करून तंबू ठोकले आणि १९०८ साली 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक काढले. साधारण त्याच सुमारास इकडे महाराज भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायच्या खटपटीत होते. साहेबाने पोरे रानात नेली, महाराजांनी रानातले पाणी शेतात आणायचे मनावर घेतले. यात कुणाचे काम मोठे, हा प्रश्न कोल्हापुरात जाहीरपणे विचारू नये. स्काउटिंग मीही केलेले आहे. आमच्या मास्तरांनी आम्हांला खाकी चड्ड्यांत शेकोटीभोवती गोल बसवून गाणी म्हणायला लावली होती. शेकोटी लाल जिलेटिन कागदाची होती आणि आत साठचा बल्ब होता. पटांगणात जाळ करायला हेडमास्तरांची परवानगी नव्हती.

परवानगीवरून आठवले. दाजीपूरला गव्यांसाठी १९५८ सालीच अभयारण्य झाले. १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झाले, ३५१ चौरस किलोमीटरचे. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात हेही रान आहे. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगतो, की अभयारण्यात विस्तव लावायचा नाही, परवानगीवाचून हत्यार घेऊन शिरायचे नाही, झाडाची मोडतोड करायची नाही. कायद्याचे बरोबरच आहे. उन्हाळ्यात घाटाच्या बाजूला गेले, की एका ठिणगीने काळे झालेले डोंगर दिसतातच. पण त्यामुळे आमच्या कार्यक्रमातला 'क्राफ्ट' संपूर्ण वजा झाला.

"म्हणजे नुसता बुश बघून यायचा?" मंडळातल्या दंतवैद्याने विचारले.

शेवटी मंडळातल्या एकाच्या मामांचे शेत निघाले. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण वरच्या अंगाला पुरेशी झाडी असलेले. मामांनी फोनवर मोठ्या मनाने सांगितले, "या की. घर रिकामंच हाय. स्लॅब हाय, गाद्या हायत, न्हाणीत गरम पाणी हाय." आम्ही घरात नव्हे, वरच्या अंगाला झाडाखाली झोपणार आहोत, असे सांगितल्यावर मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "काय नवस बिवस हाय काय?"

सुरीसाठी आम्ही उद्यमनगरात गेलो. ऑइल एंजिनापासून उसाच्या चरकापर्यंत कसलाही सुटा भाग दाखवा, तिथला मिस्त्री एकदा उलटा, एकदा सुलटा करून बघतो आणि "परवा या" म्हणतो. पुतण्याने मोबाईलवर सुरीचे चित्र दाखवले.

"ट्रकच्या पाट्याची करून देतो," मिस्त्री म्हणाले. "कापायचं काय?"

"तसं ठराविक काही नाही. पण बुशक्राफ्टला सुरी लागतेच."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले आणि मग वडीलधारा माणूस म्हणून माझ्याकडे पाहिले. "ठराविक काय कापायचंच न्हाई, तर धार कशाला लावायची? तेवढंच पैसं वाचतील की!"

विस्तवाचे प्रकरण याहून लांबले. काडेपेटीशिवाय म्हणजे चकमक. पोलादाचा तुकडा मिस्त्रींनीच दिला. राहिली गारगोटी. पुतण्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात शिरला आणि विचारता झाला, "गारगोटी कुठं मिळेल हो?"

"हितं कुठली मिळतीय? स्टँडवर जावा, गाडी लागलेली असंल."

भुदरगड तालुक्यातली नव्हे, आग पाडायची गारगोटी, असा खुलासा केल्यावर दुकानदाराने फळीवरची काडेपेटी काढून पुढे ठेवली. अखेर कुठून तरी कुरिअरने एक सळई आली आणि पुतण्या दोन संध्याकाळ गच्चीवर ती खरडत बसला. ठिणग्या भरपूर पडल्या. त्या कापसाला काही लागल्या नाहीत, माझ्या लुंगीला लागल्या.

"कापूस तसा धरत न्हाई," मागून आवाज आला. आण्णा पेपर हातात घेऊन जिना चढून आले होते. "आधी डबीत घालून काळा करून घ्यावा लागतो. पांढरा कापूस ठिणगीला हसतोय."

पुतण्याने मोबाईलवर तपासून पाहिले. "बरोबर आहे की! याला चारक्लॉथ म्हणतात, आण्णा!"

"म्हणत असतील," आण्णा म्हणाले आणि खाली गेले.

आता इथे एक सांगायला हवे. मला चौथ्या वर्षी शिक्षणासाठी कोल्हापुरात मामांकडे आणून ठेवले. आण्णा सोळाव्या वर्षापर्यंत राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावातच म्हशींमागे होते. पुढे त्यांनीही शहरात येऊन सदतीस वर्षे नोकरी केली, घर बांधले, पोराला इंजिनिअर केला. पण म्हशींमागे काय काय शिकला, हे त्यांना कुणी विचारले नाही. मीही नाही. आमच्या घरात ती विचारण्यासारखी गोष्टच नव्हती. शिकून सवरून बाहेर पडलो, त्या गोठ्याचे कौतुक कोण करणार?

रात्रभर विस्तव धुमसत राहायला शेणी न्याव्यात, ही सूचनाही आण्णांचीच. पुतण्या गंगावेशीकडे, जिथे लोक कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पितात, तिथल्या एका गवळ्याच्या घरी गेला. शहरातला माणूस आमच्या कोल्हापुरात शेणी मागायला येतो, तो एकाच कारणासाठी. पंचगंगेच्या स्मशानात दहन शेणींवर होते, आणि होळी लहान करून स्मशानाला शेणी द्यायची इथे पद्धतच पडली आहे. गवळ्याने डोक्यावरची टोपी काढली.

"कवा झालं?"

"अजून व्हायचंय. शनिवारी आहे," पुतण्या म्हणाला.

"शनिवारी? डॉक्टरनं सांगितलंय व्हय?"

"डॉक्टर बरोबर येणार आहेत," पुतण्या म्हणाला. दंतवैद्य त्याच्या डोक्यात. "एकूण बाराजण आहोत. एका रात्रीपुरत्या द्या."

गवळी आत गेला तो त्याच्या वडिलांना घेऊन बाहेर आला. खुलासा व्हायला अर्धा तास लागला. शेणींचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. तोंडून एकदा तसले काही निघून गेल्यावर पैसे घेणे बरे नव्हे, असे म्हातारबांचे मत पडले.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. रानात मिळेल ते खायचे, असे आधी ठरले होते. पौषात त्या बाजूच्या रानात खाण्यासारखे म्हणजे आवळे. बारा कोल्हापूरकर दोन दिवस आवळ्यांवर, ही कल्पना कुणाला फार वेळ धरवली नाही. पाच मिनिटांत तांबडा-पांढरा ठरला आणि पुढचे दोन तास मटण कुणाच्या दुकानातले, यावर गेले. शिवाय आमच्या सौ.ने 'असू दे' म्हणून डबाभर भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि वीस दशम्या दिल्या.

निघायच्या चार दिवस आधी आण्णा जेवताना म्हणाले, "मी येतो."

सगळे एकदम बोलू लागले. थंडी, गुडघे, रक्तदाब, रात्रीचे उठणे. पुतण्या म्हणाला, "आण्णा, तिथं कमोड नसतो."

"ठाऊक हाय," आण्णा म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

त्यांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सगळे तपासले आणि म्हणाले, "खाली बसून आधाराशिवाय उठता येतंय का, ते दाखवा." आण्णा फरशीवर मांडी घालून बसले. उठताना त्यांनी एक हात गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट धरले, जोरात. डॉक्टर त्या वेळी नेमके टेबलावर काहीतरी शोधत होते. "छान," ते म्हणाले. "गोळ्या विसरू नका." रिक्षात बसेपर्यंत आण्णांनी माझे मनगट सोडले नव्हते.

शुक्रवारी रात्री हॉलमध्ये अकरा बोचकी झाली. आण्णा त्यांच्यामधून फिरले आणि मग एकेक उघडू लागले. करवत बाहेर. दुसरी ताडपत्री बाहेर. खुर्चीकडे त्यांनी नुसते पाहिले आणि ती राहू दिली. कमरेचे दुखणे त्यांना समजते. झोपायच्या पिशवीचे कापड चिमटीत धरून त्यांनी विचारले, "ह्याच्यावर निखारा पडला तर?"

"वितळेल," पुतण्या म्हणाला.

"घोंगडं कुठं हाय?"

घोंगडे माळ्यावर सापडले. वहिनींच्या शिलाईच्या मशीनला गुंडाळलेले होते. आण्णांनी शिडीवर चढू दिले नाही म्हणून खालूनच सांगितले, कसे सोडवायचे ते. मग ते गॅलरीत नेऊन झटकले, आणि आपल्या अंथरुणावरची चादर काढून पुतण्याकडे दिली, "ही घाल मशीनवर. धूळ बसंल."

पुतण्या चादर घालून खाली उतरला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. "आण्णा, वाळकं लाकूड कसं ओळखायचं?"

"मोडून बघायचं. कडाक् झालं तर वाळकं. नुसतंच वाकलं तर तुझ्या काकासारखं."

मग वारा कुठून येतो ते बघून चूल कुठे मांडायची. वाळक्या फांदीखाली आणि ओढ्याच्या पात्रात का झोपायचे नाही. गवा दिसला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, त्याला जायला वाट द्यायची. जनावराच्या गळ्यात दोरी बांधताना फास बसू नये म्हणून कशी गाठ मारायची, ती त्यांनी पायजम्याच्या नाडीवर करून दाखवली. पुतण्याला ती इंग्रजी नावाने येत होती, पण त्याने ते नाव सांगितले नाही. पावणेतीन पानांची यादी उलटी करून तो मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत होता.

साडेबाराला आमच्या सौ.ने दिवा मालवायला हात नेला. "अहो, पहाटे पाचला जीप येणार आहे."

"व्हय व्हय," आण्णा म्हणाले आणि पुढचे सांगू लागले. मध्येच थांबून पुतण्याला म्हणाले, "काडेपेट्या दोन घे."

"आण्णा, काडेपेटी न्यायची नाही, असा नियम आहे."

"एक तुझ्याजवळ, एक माझ्याजवळ. एक भिजली तर दुसरी कोरडी राहती. आणि कापूस जाळायला डबी आण आतनं, झाकणाची. आत्ताच करून ठिऊया."