अल्विसोच्या बांधावर

देशातून पाहुणे आले की आपण बे एरियावासी त्यांना गोल्डन गेट दाखवतो, लोंबार्ड स्ट्रीटच्या वळणांवरून फिरवून आणतो. पण ज्या खाडीवरून आपल्या भागाला नाव पडलं, तिचा काठ दाखवायचा राहूनच जातो. सान होजेच्या उत्तर टोकाला, २३७ च्या पलीकडे अल्विसो आहे. तिथे एकदा जरूर जा.

मुलुंड-भांडुपची मिठागरं पाहिलेल्यांना हा देखावा परका वाटणार नाही. मातीचे बांध आणि आत अडवलेलं खारं पाणी! इथलं बहुतेक खाजण असंच मिठासाठी, शेतीसाठी, वस्तीसाठी बांध घालून घेतलेलं. २००३ साली सरकारने काही धर्मादाय संस्थांच्या मदतीने दक्षिण खाडीतली १५,१०० एकर मिठागरं विकत घेतली. बरीचशी पुन्हा भरती-ओहोटीला मोकळी करायची, हा बेत.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, बांध फोडला की झालं! पण काठ सगळीकडे सारखा नाही. म्हणून आधी प्रत्येक तुकडा तपासतात. तळ भरतीच्या पातळीपेक्षा किती खाली आहे? पाण्याबरोबर गाळ किती येतो? मागचा बांध किती उंच, आणि त्यामागे कोण राहतं? भूजलाच्या उपशाने इथली जमीन खचलेली. सान होजेत तर १३ फुटांपर्यंत. तळ फार खोल असेल, तर गाळ भरेपर्यंत तिथे काही रुजत नाही. त्यातून न्यू अल्माडेनच्या जुन्या खाणींतला पारा ग्वादालूपे नदीने इथवर आणलेला. तो ढवळून माशांत जाऊ नये, म्हणून 'ए-८' तळं २०११ मध्ये एकदम न फोडता, दारं बसवून बेताबेताने उघडलं. उलट, २००६ मध्ये फोडलेल्या तीन तळ्यांत गाळ साठला आणि खाजणातली झाडोरा आपसूक परतली.

हे सगळं फक्त पक्ष्यांसाठी, असं मात्र समजू नका. रुंद खाजण लाटांचा जोर मोडतं, मागचा बांध वाचवतं. अल्विसो १९८३ च्या पुरात बुडालं होतं, आणि समुद्र तर चढतोच आहे. म्हणूनच २०१६ साली नऊ काउंटींच्या मतदारांनी खाडीकाठासाठी प्रत्येक मिळकतीमागे वर्षाला १२ डॉलर कर मान्य केला. इथे घर घेतलेले आपण सगळे या कामाचे वर्गणीदार आहोत!

वर्गणी दिल्यावर गणपतीच्या दर्शनाला आपण जातोच ना? मग इथेही मुलांना घेऊन जा. वाऱ्यासाठी जाकिटं आणि दुर्बीण तेवढी विसरू नका.