तीन गिअरची गाडी

राधानगरीहून कोकणात माल घेऊन जाणाऱ्या माणसाला परतल्यावर एकच प्रश्न विचारला जातो, "घाट कसा गेला?" दाजीपूरचे जंगल मागे पडले की फोंडा घाट सुरू होतो. आमच्या अब्बांनी आयुष्यभर याच वाटेने गूळ आणि कांदा-बटाटा खाली नेला. येताना नारळ, सुकी मासळी आणि वैशाखात आंब्याच्या पेट्या वर आणल्या. गाडी मात्र एकच, महिंद्राची जुनी पिकअप. तोंड जीपचे आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा.

या गाडीच्या घराण्याची हकिकत आम्ही लहानपणी अब्बांच्या तोंडून ऐकली. १९४५ साली महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत कंपनी काढली. तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथले ते पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. 'एम अँड एम' ही अक्षरे तशीच राहिली. १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली. आमच्या पिकअपचा गिअर बॉक्स त्याच विलीज घराण्यातला. पुढे जाण्याचे गिअर तीनच.

हा तीन गिअरचा बॉक्स मोठा दणकट. पण त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नसतो. फिरणारी दोन चाके एकमेकांत अडकवायची तर आधी त्यांचा वेग सारखा व्हावा लागतो. सिंक्रोनायझरमधली पितळी रिंग घासून ते काम करते. अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत १९२८ मध्येच ही सोय आली होती. ज्या गिअरला ती नाही, तिथे ड्रायव्हरच्या पायालाच रिंगचे काम करावे लागते. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणतात. सपाटीवर याचे काही वाटत नाही. पण भरल्या गाडीने चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम सोडला की हे सारे क्षणात जमवावे लागते. नाही जमले तर गाडी जागेवर थांबते. चुकून न्यूट्रलमध्ये राहिली तर मागे जाते.

अब्बांना ते चाळीस वर्षे जमले. मग त्यांचा डावा गुडघा गेला. एका पावसाळ्यात परतीच्या चढावर गाडी दोन हात मागे सरकली. मागच्या चाकाला वेळेवर दगड लागला म्हणून निभावले. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. अम्मी एवढेच म्हणाली, "आता गाडी तरी बदला, नाहीतर धंदा तरी."

आम्हा भावंडांत दोन मते पडली. कोणी म्हणे, भंगारात द्यावी आणि कर्ज काढून नवी घ्यावी. पण महिन्याच्या हप्त्याएवढी कमाई दर महिन्याला होतेच असे नाही. शिवाय इंजिन निरोगी होते, चेसिसला गंज नव्हता. झिजला होता तो गिअर बॉक्स आणि अब्बांचा गुडघा. त्यातला बॉक्स तरी बदलता येण्यासारखा होता.

मिस्त्रीचाचांनी अपघातात गेलेल्या एका बोलेरो पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स कोल्हापुरातून शोधून आणला. पुढच्या सर्व गिअरना सिंक्रोनायझर. जुन्या बॉक्सचा पहिला गिअर साधारण २.८ पटीचा. म्हणजे इंजिनाचे २.८ फेरे झाले की बॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट एकदा फिरणार. नव्याचा पहिला याहून जोराचा, चढावर ओढणारा. पाचवा गिअर सपाटीसाठी, इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा.

नवा बॉक्स जुन्या इंजिनाला सरळ बसत नाही. मधल्या जोडप्लेटचे माप चाचांनी घेतले आणि प्लेट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि बॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका फरकही पुढे बेअरिंग खातो. म्हणून चाचांनी डायल गेज लावून प्लेट तीनदा उतरवली. क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग नव्या शाफ्टचा, बाहेरचा घेर जुन्या फ्लायव्हीलचा. नवा बॉक्स लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट चार बोटे कापून, वेल्डिंग करून पुन्हा बॅलन्स केला. बॉक्सखालचा आडवा पट्टा मागे सरकला. गिअरच्या दांड्यासाठी पत्र्याला नवे भोक पडले. पण या सगळ्याआधी चाचांनी चारी चाकांचे ब्रेक खोलले. म्हणाले, "आधी थांबायचं बगा, मग पळायचं."

कागदांचा प्रश्न होताच. आर.सी. पुस्तकात इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर असतो, गिअर बॉक्सचा नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदलेल्या तपशिलाविरुद्ध फेरबदल करू देत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. म्हणून इंजिन आणि चेसिसला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. त्यानंतरच्या पासिंगला केलेले काम आम्ही स्वतःहून सांगितले. ब्रेक, दिवे, धूर पाहून गाडी पास झाली.

काम चालू असताना अब्बा रोज गॅरेजच्या दारात बसून असत. एकदा न राहवून म्हणाले, "वस्ताद, निम्मी गाडी तर परकी झाली."

चाचा गाडीखालूनच बोलले, "भाई, टायर किती बदलले आजवर? तवा नाही परकी झाली?"

अब्बा हसले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. पहिल्या दिवशी घाटात ते सवयीने डबल क्लच करत राहिले. गरज नाही, हे पायाला पटायला महिना लागला. आता चढावर दुसऱ्यातून पहिला गिअर चालत्या गाडीत अलगद पडतो. पाचवा गिअर असूनही अब्बा साठच्या पुढे जात नाहीत. ब्रेक आणि स्टिअरिंग जुन्याच वेगासाठी बनले आहेत, हे त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे.

आमच्या समाजात मोहल्ल्यामोहल्ल्यात मिस्त्री आहेत. हाताला काळे ग्रीस लावून त्यांनी पिढ्या पोसल्या. पण आमच्या कथा-कवितांत गॅरेज क्वचितच येते, आणि त्यांचे ज्ञान तर कुठल्याच कागदावर नाही. चाचांना आता जवळचे नीट दिसत नाही. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. हाताखालचा पोरगा आय.टी.आय.ला जातो. हुशार आहे, पण नव्या गाड्यांत रमतो. तीन गिअरच्या जागी पाच कसे बसवायचे हे चाचांच्या बोटांना माहीत आहे. ती बोटे थांबली की अशा किती गाड्या भंगारात जातील आणि त्यांच्यावर चालणारी किती घरे अडतील?

म्हणून आम्ही एक वही केली आहे. दर जुम्याला नमाजनंतर चाचांकडे बसतो. ते सांगतात, आम्ही मराठीत लिहून घेतो. प्लेटची जाडी, बोल्टांची जागा, कोणत्या इंजिनाला कोणता बॉक्स चालतो आणि कोणता नाही. 'चार बोटे' असे लिहिले तेव्हा तो आय.टी.आय.चा पोरगा म्हणाला, "कुणाची बोटं?" मग त्यानेच पट्टी आणून चाचांची बोटे मोजली आणि आकडा मिलिमीटरमध्ये लिहिला. आता पुढच्या जुम्याला तोही येणार आहे.