घरातला कॉम्प्युटर आणि घरातली धूळ



शेतकऱ्याच्या घरात धूळ असते, हे तुम्हांला मी काय सांगावे! ती आपल्या पायांबरोबर येते, गुरांच्या खुरांबरोबर येते, रस्त्याने ट्रॅक्टर गेला की खिडकीतून येते आणि कडब्याची कुट्टी सुरू झाली की दारे लावली तरी फटीतून येते. आपण ती रोज झाडायची आणि तिने रोज यायचे, असे चाललेले असते. तिच्याबद्दल तक्रार करणेही आपण सोडून दिलेले असते. पण आता खेड्यातल्या पुष्कळ घरी कॉम्प्युटर आला आहे; कुणाच्या मुलाच्या शिक्षणासाठी, कुणाच्या सुनेच्या कामासाठी. याला धूळ चालत नाही. तो माणसासारखा खोकत बसत नाही, सरळ बंद पडतो. म्हणून आज या विषयावर थोडे बोलावे असे मनात आले.

आमचे घर मराठवाड्यातले, माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे गार घर दुसरे नाही. पण वरून नुसते मांजर चालत गेले तरी फटींतून माती झडते. सकाळी पुसलेल्या कपाटावर दुपारी बोटाने नाव लिहून घ्यावे! अशा घरात २०२० साली, शाळा-कॉलेजे बंद होती तेव्हा, धाकट्याच्या अभ्यासासाठी आम्ही कॉम्प्युटर घेतला. वापरलेलाच, पण चांगला. पुढे कॉलेज सुरू झाले, धाकटा शहरात गेला आणि कॉम्प्युटर सूनबाईच्या हाती आला. गावातल्या लोकांना सातबारा काढून दे, महाडीबीटीचा अर्ज भरून दे, पीकविम्याची माहिती भरायला मदत कर, अशी कामे ती घरबसल्या करते. दुधाच्या पैशांसारखेच तिचे पैसेही घराला उपयोगी पडतात. यंत्र ठेवले होते ढाळजेत, म्हणजे दारातून आत आल्याबरोबरच्या खोलीत. लोकांना यायला सोयीचे. धुळीलाही तेवढेच सोयीचे.

२०२२ च्या जुलैत विम्याची मुदत संपत आली आणि यंत्र दर दहा मिनिटांनी बंद पडू लागले. ढाळजेत माणसे खोळंबलेली, सून रडकुंडीला आलेली. तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने पेटीची बाजूची पत्री उघडली आणि आतून एक वस्तू काढून काही न बोलता माझ्या हातावर ठेवली. घोंगडीचा तुकडा असावा तशी ती होती. धूळ, केस, भुसा आणि कापडाचे तंतू यांचा दाबून बसलेला थर!

हे असे का होते, ते समजून घ्यायला फार शिक्षण लागत नाही. कॉम्प्युटरच्या ज्या उभ्या पेटीला आपण सीपीयू म्हणतो, तिच्या आत प्रोसेसर नावाची चिप असते आणि ती काम करताना तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि ठोकळ्यावर छोटा पंखा. पंखा हवा ओढून पात्यांमधून ढकलतो आणि उष्णता बाहेर काढून देतो. हवेबरोबर जे तंतू आणि भुसा येतो तो पात्यांच्या तोंडाशी अडकतो, त्यावर बारीक माती बसते आणि हवेची वाटच बुजते. मग प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तेव्हा आपण म्हणतो, ‘यंत्र जुनं झालं, हळू चालतंय.’ आणि उष्णता शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की जळू नये म्हणून यंत्र आपले आपणच बंद पडते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरची जाळी भुशाने भरली की इंजिन गरम होते ना, तोच हा प्रकार. रेडिएटर साफ करायला आपल्या घरातल्या पुरुषांना कधी सांगावे लागत नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडची धूळ शहरातल्या धुळीहून वाईट, असे माझे मत आहे. नुसती माती असती तर ब्रशने झडली असती. चुलीचा धूर आणि फोडणीची तेलकट वाफ तिला चिकटपणा देते. गॅस बहुतेकांकडे आला, पण अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ घरी अजून चुलीवरच. त्यात खताची पोती. युरिया आणि तशी खते हवेतला ओलावा ओढून घेतात, हे पावसाळ्यात पोते उघडे राहिले की आपल्याला दिसतेच. त्या खताची भुकटी यंत्रातल्या तारांवर आणि जोडांवर बसली की तिथे ओल धरते आणि धातू खाल्ला जातो. गोठ्यातून मुताचा जो उग्र वास येतो तो अमोनिया वायूचा. तोही तांब्याला खातो. म्हणून कॉम्प्युटरची खोली चुलीला लागून नको, गोठ्याच्या वाऱ्यावर नको आणि खताच्या पोत्यांची सोबत तर मुळीच नको.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या सासूबाईंना दमा आहे. वीस वर्षे झाली. मळणीच्या दिवसांत त्या रात्र रात्र उशाला टेकून बसून काढतात. मळणीयंत्र घरापासून लांब लावा, चपला बाहेर काढा, खत आतल्या खोलीत नको, हे मी या घरात किती वेळा म्हटले असेल! ‘शेतकऱ्याचं घर आहे, एवढं चालायचंच’ हे उत्तर ठरलेले. त्या दिवशी संध्याकाळी मी तो घोंगडीसारखा तुकडा ताटलीत घालून मालकांपुढे ठेवला. अर्ध्या तासात सगळ्या गोष्टी कबूल झाल्या. खताची पोती दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “माझी छाती अशी उघडून ताटलीत दाखवता आली असती तर बरं झालं असतं.” कुणी काही बोलले नाही.

धूळ तीच आहे, भगिनींनो. जाड कण आपल्या नाकात अडकतात. पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान कण नाकात न अडकता छातीकडे उतरू शकतात आणि त्याहून बारीक असलेले थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत. कॉम्प्युटरसाठी जे कराल ते म्हाताऱ्या माणसांच्या आणि पाळण्यातल्या लेकरांच्या छातीसाठीही होईल. आणि खरे सांगायचे तर यंत्राचे नाव पुढे केले की ते लवकर होते.

आता काय करायचे ते. धुळीशी भांडायचे ते यंत्रापाशी नव्हे, उंबऱ्यापाशी. घरातली बरीच माती पायांबरोबर आत येते. आम्ही ओट्याच्या खालच्या पायरीवर चपलांची जागा केली आणि उंबऱ्याबाहेर गोणपाटाची दुहेरी घडी टाकली. सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी शिंपडायचे, दोन दिवसांनी दगडावर आपटून धुवायची. अंगणात सडा घालायची आपली जुनी रीत आहे, ती सोडू नका. सडा बसला की अंगणातली धूळ आत उडत नाही. अर्ज भरायला येणारी माणसे चपला काढायला कुरकुर करतील असे वाटले होते. पण एकदा सूनबाईने सांगितले, “काका, धुळीनं मशीन बंद पडतं, मग तुमचा अर्ज राहतो.” तेव्हापासून लोक एकमेकांना सांगू लागले.

झाडण्याविषयी मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण हे काम आपल्या हातातले. कोरड्या केरसुणीने जोरात झाडले की कचरा जातो आणि धूळ नुसती उडते. जाड कण काही मिनिटांत खाली बसतात. अगदी बारीक कण, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, वारा नसला तरी तासन्‌तास हवेत तरंगतात. उन्हाची तिरीप आत आली की त्यात जे नाचताना दिसते ते हेच. झाडून झाल्याबरोबर कॉम्प्युटर सुरू केला तर तो पंख्याने ही सगळी धूळ पोटात ओढून घेतो. म्हणून यंत्र बंद असतानाच झाडायचे. फरशीवर आधी हाताने पाण्याचा हबका मारायचा, केरसुणी जमिनीसरशी टेकून ओढायची, मग ओले फडके पिळून फरशी पुसायची. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, तिला हे सोसते. मातीची जमीन असेल तर सारवण वेळच्या वेळी करावे. उखडलेल्या सारवणासारखी धूळ दुसऱ्या कशाने होत नाही. कपाटे, खिडक्यांचे गज फडक्याने झटकू नका, ओलसर फडक्याने पुसा. झटकलेली धूळ जाते कुठे? या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात! गोधड्या आणि चादरी बाहेर नेऊन उन्हात झटकाव्यात, त्या खोलीत कदापि नको.

माळवदाच्या घरासाठी आम्ही एक उपाय केला आहे. देवावर चांदवा बांधतात तसा टेबलावर चांदवा बांधला. जुने सुती नऊवारी पातळ दुहेरी करून चारी कोपरे खिळ्यांना बांधले. वरून झडणारी माती त्यात पडते. पंधरा दिवसांनी चारी टोके एकत्र धरून अलगद बाहेर न्यायचे, झटकायचे, धुवायचे. यंत्राच्या वर ते हात-दीड हात उंच असावे, म्हणजे हवा कोंडत नाही.

पेटी जमिनीवर ठेवू नका. जमिनीलगत धूळ सर्वांत जास्त, आणि केरसुणीचा फटकारा थेट तिच्या तोंडावर बसतो. टेबलावर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे. लॅपटॉप असेल तर तो गोधडीवर किंवा मांडीवर घेऊन बसू नये. त्याची हवा घ्यायची भोके बहुधा खालच्या बाजूला असतात. ती बुजतात आणि गोधडीचे तंतूही आत जातात. आपला जेवायचा लाकडी पाट त्याच्याखाली ठेवला की काम झाले.

यंत्रावर कापड झाकण्याबाबत मात्र पुष्कळ घोटाळा दिसतो. बंद करून निवल्यावर जरूर झाका. पण चालू असताना झाकणे म्हणजे उन्हाळ्यात माणसाला रग पांघरून नांगरायला लावणे. हौसेने शिवलेले झालरीचे कव्हर अर्धे वर करून आतल्या आत कॉम्प्युटर चालवणारी मंडळी मी पाहिली आहेत. पेटीच्या भोकांना मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावता येतो. पाली आणि झुरळे आत जात नाहीत, भुसाही अडतो. पण मग ती जाळी दर आठवड्याला धुवावी लागते. बुजलेली जाळी नसलेल्या जाळीपेक्षा वाईट. ज्यांना आठवण राहणार नाही त्यांनी लावू नये.

एवढे करूनही आत धूळ जाईलच. आमच्याकडे आता तीन महिन्यांनी पेटी उघडतात, आणि मळणी उरकल्यावर एकदा जास्तीची. यंत्र बंद करायचे, भिंतीतला प्लग काढायचा, मग चालू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी परसात न्यायची. बाजूची पत्री काढायची आणि आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला बोट लावायचे, कारण आपल्या अंगात साठलेली वीज, विशेषतः नायलॉनची साडी असली तर, चिपला मारक ठरते. रंगाच्या कोऱ्या मऊ ब्रशाने धूळ सैल करायची. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची; वाऱ्याने त्याला भिरभिरू देऊ नये, बेअरिंग बिघडते. मग सायकलच्या हवा भरायच्या पंपाने लांबून हवा मारायची. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. पण त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असू शकतो, आणि जोरही फार. तिथे नेऊ नये. पेटीतच जी विजेची बंद डबी असते, जिला मागून वायर लागते, ती उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात झटका बसण्याइतकी वीज राहते. ते काम दुरुस्तीवाल्याचे.

स्क्रीन कोरड्या मऊ कापडाने पुसावी, पाणी तिच्यावर शिंपडू नये. कीबोर्ड उलटा करून हलके थोपटावा. आमच्या कीबोर्डातून शेव निघते, आणि एकदा तर तंबाखू निघाली. कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या भागात अतिवृष्टी झाली. रानात इतका चिखल की सोयाबीनच्या मळणीला यंत्र शेतात नेता येईना. थोरल्याने ठरवले, ढीग ट्रॉलीने अंगणात आणायचे आणि इथेच मळणी करायची. यंत्रवाला दारात येऊन उभा राहिला तशा सासूबाई आतून ओरडल्या, “आत कॉम्प्युटर आहे म्हणावं, लांब लावा!” यंत्रवाल्याने निमूट ट्रॅक्टर वळवला आणि देवळामागच्या मुरमाड जागेवर मळणी झाली. त्या रात्री सासूबाई झोपल्या. औषधाचा पंप एकदाच लागला.

भुस्कटाचा ढीग मात्र अजून वाऱ्याच्या बाजूलाच पडतो. तो हलवायचा तर गोठ्याचे दार दुसऱ्या अंगाला काढावे लागेल, आणि त्यासाठी गवंडी मिळायला हवा. सून म्हणते, त्याचे पैसे मी देईन.